मुठीतले नऊ जीव

सगळे तिला नखवाली मावशी म्हणत. नवीन माणसाचा या नावानं हटकून गोंधळ व्हायचा. एकदा तर एका ब्यूटी पार्लरमधून ‘कामाला येता का’ म्हणून फोन आला, आणि तिची वहिनी पुढचे दोन दिवस आठवून आठवून हसत होती. मावशी नखं कापायची ती माणसांची नव्हे, पाळलेल्या पक्ष्यांची.

पिंजऱ्यातल्या पक्ष्याला झाडाची खरखरीत साल मिळत नाही. त्याची नखं वाढत जातात, आत वळतात आणि जाळीत अडकतात. कापायची म्हणजे पक्षी हातात धरायला हवा, आणि तिथंच भल्याभल्यांची गाळण उडते. घट्ट धरावा तर मरेल, सैल धरावा तर उडेल. शिवाय नखाच्या आत बारीक शीर असते, ती कापली गेली तर रक्त थांबता थांबत नाही. मावशीनं आधी बावीस वर्षं शर्टाच्या कारखान्यात काजं केली होती. दिवसाला कित्येक काजं, आणि एकाचाही दोरा सुटलेला नाही. कारखाना बंद पडला तेव्हा तिच्याकडे काय उरलं असेल तर हे हात.

पक्ष्यांचं वेड मुळात तिच्या धाकट्या भावाचं. तो गेला तेव्हा मागे बायको, दोन खोल्या आणि एक म्हातारा पोपट राहिला. मावशी एकटीच होती, ती वहिनीच्या सोबतीला येऊन राहिली ती कायमची. पोपटाची नखं वाढली तशी एके दिवशी तिनंच हिंमत करून कापली. शेजारणीनं ते पाहिलं आणि आपला पिंजरा घेऊन आली. तिथून सुरुवात. पोपट पुढे वयानंच गेला, पण तोवर मावशीची घरं लागलेली होती.

तिच्या पिशवीत सामान बेताचं: लहान कात्री, कानस, डबीत तुरटीची पूड आणि एक पिवळा टॉवेल. टॉवेल भावाच्या पोपटासाठी घेतलेला, धुऊन धुऊन पिसासारखा मऊ झालेला. त्यात पक्ष्याला अलगद गुंडाळायचं, डोकं दोन बोटांच्या मध्ये घ्यायचं आणि छाती मोकळी ठेवायची. पक्षी छाती हलवूनच श्वास घेतो, छाती दाबली की संपला. टॉवेलातून त्याचं काळीज तळहाताला लागायचं. ठोके मोजता येत नाहीत इतके जलद. नुसती एक थरथर.

“लोक म्हणतात ना, जीव मुठीत धरून बसलो,” ती वहिनीला म्हणायची, “मी दिवसातून दोनदा बसते.”

“दुसऱ्याचा धरता, म्हणून हसू येतंय तुम्हाला, वन्सं,” वहिनी म्हणायची.

तिच्या घरांमध्ये तिचं लाडकं घर होतं रेफरीसाहेबांचं. साहेब सत्तरीचे. आयुष्यभर फुटबॉलच्या मॅचेसना शिट्टी वाजवली, आता बायको गेल्यावर बेकरीच्या वरच्या मजल्यावर एकटेच राहत. त्यांच्याकडे राखाडी अंगाचा, पिवळ्या तुऱ्याचा, गालावर नारिंगी ठिपका असलेला कॉकाटील होता. बाजारात सगळे त्याला कॉकटेल म्हणतात, साहेब त्याला लाइन्समन म्हणायचे. मॅचमध्ये रेषेवर उभ्या राहणाऱ्या पंचासारखा तो दांडीच्या टोकाला ताठ उभा असायचा, आणि कुणी चपला न काढता आत आलं की लांब शिट्टी वाजवायचा. साहेबांनीच शिकवलं होतं. मावशीनं त्याला टॉवेलात घेतलं की तो दोन छोट्या शिट्ट्या मारायचा.

“धसमुसळा खेळ म्हणतोय तो,” साहेब सांगायचे. “तुम्हाला ताकीद आहे.”

त्या वर्षी थंडी सरता सरता एका सोमवारी मावशी रंगाऱ्याकडे गेली. घरांना रंग देणारा हा माणूस. त्याच्या गॅलरीत मोठ्या पिंजऱ्यात वीसेक बजरी होते, ते रंगीत चिमुकले पोपट. आदल्या आठवड्यात त्यानं बाजारातून आणखी सहा आणून थेट त्यांच्यातच सोडले होते. नव्यांतला एक पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून कोपऱ्यात बसला होता.

“प्रवासानं दमलाय,” रंगारी म्हणाला.

मावशीनं सगळ्यांची नखं कापली. त्या दमलेल्यानं टॉवेलावर हिरवी पातळ शीट केली. तिनं टॉवेल गॅलरीबाहेर झटकला, डाग आत जाईल अशी घडी उलटी केली आणि पिशवीत टाकला. टॉवेल रविवारी धुतला जायचा. रविवारला अजून सहा दिवस होते. त्या सहा दिवसांत तिनं अकरा घरं केली.

शनिवारी टायपिस्टबाईंचा फोन आला. कोर्टाबाहेर बसून अर्ज टाइप करणाऱ्या या बाईंकडे बजरीची एकच जोडी होती. “दोघंही गेले हो मावशी. काल एक, आज एक.” मावशीला वाईट वाटलं. तिनं विचारलं, पंखा चालू होता का, मांजर येतं का. मंगळवारी बेकरीवाल्याचा एक गेला. बुधवारी गाणं शिकवणाऱ्या बाईंकडे चिमणीहून लहान असे तीन फिंच होते त्यांतले दोन. एकेका फोननंतर, ऋतू बदलतोय, असं ती स्वतःला समजावत राहिली. गुरुवारी एका परिचारिकेचा फोन आला. ती रडली नाही की काही नाही, सरळ म्हणाली, “तुम्ही येऊन गेलात त्याच्या चौथ्या दिवशी. मी आपलं नुसतं सांगतेय.”

फोन ठेवल्यावर मावशी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरसमोर जाऊन उभी राहिली.

शुक्रवारी पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंनीच तिला बोलावून घेतलं. दवाखाना दोन खोल्यांचा. बाहेर बाकावर पिंजरे, आत टेबलावर वजनाचा छोटा काटा. गाण्याच्या बाईंचा तिसरा फिंच याच टेबलावर गेला होता. परिचारिकेचा पक्षीही तिनंच तपासायला आणून दिला होता.

“दोघींच्या पक्ष्यांत एकच जंतू सापडलाय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पोटातला. शिटेतून पसरतो. आता या दोघी एकमेकींना ओळखतसुद्धा नाहीत. मी दोघींना विचारलं, पिंजऱ्याजवळ बाहेरचं कोण येतं. दोघींनी तुमचं नाव सांगितलं.”

मावशीनं हातातली पिशवी खाली ठेवली.

“मी तुम्हाला आरोपी म्हणून बोलावलेलं नाही. कुठल्या दिवशी कुणाकडे गेला होतात, ते आठवतंय?”

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ती तारखेच्या चौकटीत घराची खूण लिहून ठेवायची. ते कॅलेंडर ती गुंडाळी करून घेऊनच आली होती. कदाचित तिला आधीच कळलं असावं. डॉक्टरीणबाईंनी ते टेबलावर पसरलं, चारी कोपऱ्यांवर औषधाच्या बाटल्या ठेवल्या आणि रंगाऱ्याच्या सोमवारपासून बोट पुढे पुढे नेलं. रंगाऱ्याकडेही सात गेले होते, त्याच्या नव्या पक्ष्यापासून; हे नंतर कळलं. त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. बोट ज्या चौकटीवर थांबे, तिथं मावशी सांगे. दोन गेले. एक गेला. तिथं अजून काही नाही. तिथं तीन.

“टॉवेल बघू,” शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मावशीनं तो काढून दिला. तो मधल्या रविवारी धुतलेला होता, पण कोमट पाण्यात आणि सावलीत वाळवलेला, मऊपणा जाऊ नये म्हणून. डॉक्टरीणबाईंनी तो नाकाशी नेला नाही की उलगडला नाही. नुसता बाजूला ठेवला.

“यातच प्रत्येक पक्ष्याला धरलंत?”

“हो.”

“आणि कात्री?”

“पुसून घेते.”

“कशानं?”

मावशीनं टॉवेलाकडे पाहिलं.

डॉक्टरीणबाईंनी कागद ओढला. “जे जिवंत आहेत त्यांना सात दिवस औषध द्यावं लागेल, प्रत्येकाला वजन करून. लोकांनी आपल्या मनानं माणसांच्या गोळ्या पाण्यात विरघळवून द्यायच्या नाहीत. तशानं पक्षी मरतो आणि जंतू मुरतो. हे त्या अकरा घरांना लवकरात लवकर कळायला हवं. मी फोन करू शकते.”

“नको,” मावशी म्हणाली. “मी गेले होते ना. मीच जाते.”

त्या दुपारी घरी येऊन तिनं मोठ्या पातेल्यात पाणी चढवलं. पाणी खळखळलं तसा टॉवेल आत सोडला आणि चमच्यानं दाबून धरला.

वहिनी बाहेरून आली. “वन्सं, काय शिजवताय?”

“टॉवेल.”

वहिनीनं नणंदेचं तोंड पाहिलं आणि पुढचा विनोद गिळला. शेजारी स्टूल घेऊन बसली. वाफेला ओल्या पिसांचा वास येतोय असं मावशीला वाटत होतं. वहिनी म्हणाली, नुसता साबणाचा येतोय. तेव्हाच पहिल्यांदा तिच्या उजव्या तळहातात ती थरथर आली. हातात चमच्याखेरीज काही नव्हतं. थरथर आली, थोडा वेळ राहिली आणि थांबली. पक्षी मेल्यावर थांबावी तशी.

दुसऱ्या दिवसापासून तीन दिवस ती घरं फिरत होती. जिथं पक्षी गेला होता, तिथं दारात उभं राहून पहिलं वाक्य तेच: “तुमचा पक्षी माझ्यामुळे गेला.” मग औषधाचं आणि डॉक्टरीणबाईंचा पत्ता. टायपिस्टबाईंनी तिला आत ओढून पाणी दिलं आणि स्वतःच रडत बसल्या. बेकरीवाल्यानं हात जोडले, म्हणाला, राहू द्या, मुद्दाम कोण करतं. गाण्याच्या बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि काहीही न बोलता दार लावलं. आतून हार्मोनियमचा एकच सूर बराच वेळ ऐकू येत राहिला. मावशीचा पाय निघेना. सूर थांबला तेव्हा ती जिना उतरली. एका घरी सहा वर्षांची मुलगी बाहेर आली. तिचा निळा बजरी गेला होता. तिनं मावशीचे दोन्ही हात उलटसुलट करून बघितले आणि विचारलं, “अजून लागलेलं आहे का हाताला?”

“नाही. आता उकळून घेतलंय सगळं.”

“हात पण उकळले?”

तिच्या आईनं तिला आत नेलं.

रेफरीसाहेबांचं घर तिनं शेवटी ठेवलं होतं, कारण तिथं अजून सगळं ठीक असेल अशी तिला आशा होती. त्यांचा फोन आला नव्हता. दारातून आत पाऊल टाकलं तेव्हा ती चपला काढायची विसरली होती, आणि शिट्टी झाली नाही. पिंजरा होता त्याच कोपऱ्यात होता. दांडी रिकामी होती.

“काल गेला,” साहेब म्हणाले. “फोन करून कुणाला सांगावंसं वाटलं नाही.”

तिनं तिचं वाक्य म्हटलं. टॉवेलाचं सांगितलं, उलट्या घडीचंही. साहेब खुर्चीतून उठले. त्यांनी उजवा हात सरळ वर नेला आणि मग दाराकडे केला. मैदानावर हजारदा केलेली खूण.

“बाहेर,” ते म्हणाले.

तिनं काम सोडलं. घरी बसून राहिली. भांडी घासताना, भाजी चिरताना, उन्हात केस वाळवत बसली असताना मध्येच हात आवळायचा आणि त्यात काहीतरी थरथरायचं. कधी ते फिंचसारखं कणभर असायचं, कधी बजरीएवढं. ती ओळखू शकायची. नऊ होते, आणि दहावा लाइन्समन. कधी पाणी भरताना नळाच्या आवाजात दोन छोट्या शिट्ट्या ऐकू यायच्या.

“बाहेर पोरं खेळतायत,” वहिनी म्हणायची.

मावशी खिडकीतून पाहायची. गल्लीत कुणी नसायचं. वहिनीही पाहायची आणि म्हणायची, “गेली वाटतं.”

दोन आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी तिला पुन्हा बोलावलं. वाचलेले पक्षी खडखडीत बरे झाले होते, ते सांगायला. आणि आणखी एक सांगायचं होतं.

“तुमच्या रेफरीसाहेबांनी त्यांचा कॉकाटील मेल्यावर माझ्याकडे आणून दिला होता. रिपोर्ट आला. त्याला तो जंतू नव्हताच. त्याच्या फुफ्फुसात आणि श्वासाच्या पिशव्यांत बुरशी होती. ही चार दिवसांत होत नाही. महिनेच्या महिने ओलसर भुशातून, कुबट दाण्यांतून ती श्वासाबरोबर आत जाते. आधी आवाज बसतो, मग दम लागतो, बसल्या जागी श्वासागणिक शेपटी वरखाली व्हायला लागते. मावशी, याच्यात तुमचा हात नाही.”

मावशीनं हात मांडीवर ठेवला होता, तो पालथा केला.

तिला आता आठवलं. शेवटच्या खेपेला लाइन्समनच्या शिट्ट्या घोगऱ्या येत होत्या. साहेब म्हणाले होते, म्हातारा झाला माझ्यासारखा. आणि ती हसली होती. शेपटीही हलत होती. तिला वाटलं होतं, आपल्या पकडीला घाबरलाय. बाथरूमच्या भिंतीला लागून असलेला तो कोपरा, तिथले पोपडे, ट्रेमधला लाकडाचा भुसा. आणि नाकाला लागलेला तो वास, जुन्या गोणपाटासारखा. दर दीड महिन्यानं ती त्या घरात जात होती, दर खेपेला तो वास तिला येत होता.

“त्यांना सांगितलंत?” तिनं विचारलं.

“तीनदा फोन केला. पहिल्यांदा म्हणाले, कुणामुळे झालं ते मला कळलंय. मग उचललाच नाही.”

ती घरी आली. वहिनीला वाटलं, आता हिच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. पण तळहात काही ऐकेना. डॉक्टरीणबाईंच्या हिशेबानं आता नऊच उरले; हात दहाच म्हणत होता. आणि साहेबांकडे जाऊन सांगायचं तरी काय? तुमचा पक्षी माझ्यामुळे नाही, तुमच्यामुळे गेला? एकट्या माणसाच्या पदरात हे टाकून यायचं? त्यापेक्षा त्यांच्या लेखी आपण गुन्हेगार राहिलेलं बरं, असं तिनं ठरवून टाकलं.

महिन्याभरानं एका सकाळी नणंद-भावजय पाव आणायला बेकरीकडे चालल्या होत्या. कोपरा वळल्या आणि मावशी थबकली. वरून शिट्टी येत होती. एक लांब, मग दोन छोट्या. तिनं डोळे मिटून घेतले आणि संपायची वाट पाहत उभी राहिली, एव्हाना तिच्या सवयीचं झालं होतं तसं. शिट्टी संपेना.

“वन्सं,” वहिनी हळूच म्हणाली, “मलाही येतेय ऐकू.”

बेकरीवाला पाव कागदात बांधत म्हणाला, “साहेबांनी नवीन आणलाय ना. आठ दिवस झाले. दिवसभर स्वतःच शिट्ट्या मारून शिकवतायत त्याला. ताप आहे डोक्याला.”

“पिंजरा कुठला?” मावशीनं विचारलं.

“तोच की. आणि कुठला.”

मावशी जिना चढली. वहिनी पाव घेऊन खालीच थांबली. दार उघडं होतं. साहेब पिंजऱ्यासमोर खुर्ची टाकून, ओठांचा चंबू करून बसले होते. आत एक लहान राखाडी कॉकाटील ट्रेमधल्या भुशात चोचीनं काहीतरी शोधत होता. तोच कोपरा, तीच भिंत. तिला बघून शिट्टी थांबली.

“मी तुम्हाला बाहेर काढलं होतं.”

“हो. आत येत नाही. इथूनच बोलते.” ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली. “पिंजरा तिथून हलवा, एवढंच सांगायला आले.”

“का?”

जिन्यात तिनं पुष्कळ जुळवाजुळव केली होती, भिंतीचा रंग, वारा, ऊन असं काहीबाही. त्यातलं काहीच तोंडात येईना. “लाइन्समनच्या फुफ्फुसात बुरशी होती, साहेब. रिपोर्ट आलाय. डॉक्टरीणबाईंनी तुम्हाला तीनदा फोन केला.”

साहेबांनी पिंजऱ्याकडे पाहिलं. “म्हणजे तुम्ही नव्हता.”

“त्याच्या बाबतीत नव्हते. बाकी नऊ माझेच.”

“मग मी.”

“भिंत,” मावशी म्हणाली. “ओल आहे भिंतीला. भुसा ओल धरतो.”

“भिंत माझी आहे. भुसा मी भरलाय.” ते खुर्चीत मागे टेकले. “मला वास येत होता, मावशी. ही होती तेव्हा रोज सकाळी ट्रेमधला कागद बदलायची. मी म्हणायचो, रोज कशाला. ती गेल्यावर मी भुशाचा जाड थर घालायला लागलो, म्हणजे पंधरा दिवस बघायला नको. वास यायला लागला तर खिडकी उघडायचो. तुम्ही दारात येऊन म्हणालात ना, माझ्यामुळे गेला, तेव्हा मला बरं वाटलं. खरं तेच सांगतो. सुटल्यासारखं वाटलं.”

मावशीनं उंबऱ्याबाहेरच चपला काढल्या.

“मॅच संपल्यावर पंचाला निर्णय फिरवता येत नाही,” साहेब म्हणाले.

“मॅच कुठं संपलीय, साहेब? तो बघा, त्याच भुशात चोच घालतोय.”

साहेब उठले. त्यांनी पिंजरा उचलायला हात घातला, पण तो एकट्याला उचलेना. तिच्याकडे न बघताच ते म्हणाले, “या आत.”

तिनं आधी बेसिनपाशी जाऊन कोपरापर्यंत हात धुतले. साहेबांच्या धुतलेल्या बनियनमध्ये पक्ष्याला धरून एका खोक्यात ठेवलं. भुशावर पाणी शिंपडलं, कोरडा उपसला तर धूळ उडते आणि ती धूळच वाईट. दोघांनी तोंडाला रुमाल बांधले. थर निघाला तसा तळाशी करडा-हिरवा लोकरीसारखा पापुद्रा दिसला. साहेब म्हणाले, “थांबा,” आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. ती थांबली. ते परत आले आणि उरलेला भुसा त्यांनी स्वतः काढला.

पाण्याच्या वाटीला आतून बुळबुळीत थर होता. तिनं त्यांचं बोट त्यावरून फिरवायला लावलं. “पाणी रोज बदलता?”

“रोज.”

“वाटी घासता?”

“पाणी तर स्वच्छ दिसतं.”

“हा थर आहे तोवर पाणी नवं घातलं तरी जुनंच.”

दाण्यांचा डबा बेसिनखाली होता. झाकण काढलं तर राळ्याचे गठ्ठे झालेले. साहेबांनी एक गठ्ठा बोटांत चुरडला, त्याची राखाडी पूड त्यांच्या तळहातावर पडली. ती पूड हातात धरून ते इतका वेळ उभे राहिले, की शेवटी मावशीनं त्यांचा हात नळाखाली नेला.

पिंजरा आधी साबणानं घासला, मग जंतुनाशक लावलं; घाणीवरून नुसतं औषध फिरवलं तर ते घाणीलाच लागतं. उन्हात कडकडीत वाळवला आणि दिवाणखान्यातल्या पूर्वेच्या खिडकीशी ठेवला, ट्रेमध्ये नुसता कोरा कागद. वाटीवर शीट पडू नये म्हणून दांडी वाटीपासून दूर बांधली. वहिनी तोवर वर आली होती. तिनं कुणी न सांगता सगळ्यांना चहा केला. नव्या पक्ष्याला दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्याच्या छातीत अजून काही नव्हतं. आठ दिवसच झाले होते, म्हणून.

मावशीनं पुन्हा काम सुरू केलं ते त्यानंतर दोन महिन्यांनी. आता पिशवीत प्रत्येक पक्ष्याला वेगळा धुवट फडका, वापरलेला लगेच पिशवीतल्या पिशवीत बंद. घरी गेल्यावर उकळून उन्हात. कात्र्या तीन, आळीपाळीनं औषधात बुडलेल्या. दिवसाला एकच घर. जिथं कुणी पिसं फुगवून बसलेला दिसेल, तिथं कात्री बाहेरच काढायची नाही, सरळ डॉक्टरीणबाईंचा पत्ता द्यायचा. नवा पक्षी आणलेला असेल तर त्याला महिना-दीड महिना दुसऱ्या खोलीत ठेवला का, हे विचारल्याशिवाय ती बसत नाही. रंगाऱ्याला तिनं हे इतक्यांदा ऐकवलं, की त्यानं गॅलरीच्या दारावर ब्रशनं लिहूनच ठेवलं.

गाण्याच्या बाईंनी तिला पुन्हा बोलावलं नाही. त्यांनी पक्षीच पाळले नाहीत. रेफरीसाहेबांचा नवा कॉकाटील सहा वर्षांचा झालाय. त्याला शिट्टी काही जमली नाही. तो दाराची कडी वाजल्याचा आवाज काढतो आणि साहेब दिवसातून दहादा दार उघडायला उठतात.

तळहातातली थरथर गेली नाही. मावशीनं डॉक्टरांना हात दाखवला, शिरांचं काही नाही म्हणाले. आता ती आली की मावशी हातातलं काम थांबवते आणि जाईपर्यंत बसून राहते. वहिनीला कळतं, ती गॅस बारीक करते.

नव्या घरी गेलं की पिशवी उघडण्याआधी ती सगळं सांगते. टॉवेल, उलटी घडी, नऊ पक्षी. काही जण ऐकून म्हणतात, मग राहू द्या. ती राहू देते. बहुतेक जण म्हणतात, जाऊ द्या हो, झालं गेलं. गेल्या महिन्यात एका घरी गेली, तिथली बाई बँकेत कामाला, लव्हबर्डची जोडी नुकतीच घेतलेली. मावशीनं सांगितलं. बाईनं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, “नऊ म्हणजे कोण कोण होते?”

हे तिला इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

मावशी दारातल्या खुर्चीवर बसली आणि तिनं सांगायला घेतलं. टायपिस्टबाईंचे दोन, एक हिरवा आणि एक पिवळा. पिवळ्याच्या डाव्या पायाला एक नख कमी. बेकरीवाल्याचा, त्याला पिठात लोळायची सवय होती. तीन फिंच, त्यांतला मधला सगळ्यांत हलका. ती एकेकाचं वजन हातानं दाखवत होती. बाई दाराला टेकून ऐकत होती. सगळे सांगून व्हायला बराच वेळ लागला. मग मावशी उठली, आणि हात कुठं धुऊ, म्हणून तिनं विचारलं.